आजाराचं नाव सव्वा वर्ष लपवलं गेलं! ल्युपस म्हणजे काय? समजून घ्या लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर यांच्या आयुष्यातून

धारणी : १० मे हा जागतिक ल्युपस दिन. वऱ्हाडात तेव्हा पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि या आजाराचं तर उन्हाशीच वैर आहे. अंगात मुरलेला ताप, थकवा, दुखणारे सांधे, गळणारे केस, चेहऱ्यावर लाल चट्टे. यातली एकेक तक्रार घेऊन कुणी दवाखान्यात गेलं, की मेळघाटात आधी मलेरिया, टायफॉइड, सिकलसेल, टीबी किंवा रक्त कमी असण्याची शंका येते. बऱ्याचदा ती खरीही असते. पण या तक्रारी एकाच तरुण मुलीला एकत्र होत असतील आणि महिनोन् महिने जात नसतील, तर ल्युपसचाही विचार करावा लागतो.

हा आजार कसा ओळखायचा, कुठे चुकामूक होते, औषधं काय करतात आणि लपवल्यानं काय होतं, हे समजायला एक आयुष्य पुरेसं आहे. ते आहे अमेरिकी लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर यांचं. त्यांच्या वडिलांना ल्युपस होता. पुढे त्यांनाही झाला.

कोण होत्या फ्लॅनरी ओ'कॉनर?

मेरी फ्लॅनरी ओ'कॉनर यांचा जन्म २५ मार्च १९२५ चा. गाव सॅव्हाना, राज्य जॉर्जिया. अमेरिकेच्या दक्षिणेतलं हे राज्य आपल्या वऱ्हाडासारखंच कापसाचं आणि कडक उन्हाचं. आईवडिलांची ही एकुलती एक मुलगी. लहानपणापासून कोंबड्या-पक्ष्यांचं वेड. त्यांच्याकडची एक कोंबडी उलटी चालायची. ती चित्रित करायला न्यूजरील कंपनीचा कॅमेरामन घरी आला होता, तेव्हा फ्लॅनरी सहाएक वर्षांच्या होत्या.

पुढे त्यांनी दोन कादंबऱ्या आणि ३० हून अधिक कथा लिहिल्या. विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या अमेरिकी कथाकारांत त्यांचं नाव घेतलं जातं. आयुष्य मिळालं फक्त ३९ वर्षांचं. त्यातली शेवटची साडेतेरा वर्षं आजारासोबत गेली आणि त्यांचं बहुतेक लेखन याच काळात प्रसिद्ध झालं.

वडिलांना काय झालं होतं?

वडील एडवर्ड ओ'कॉनर यांना १९३७ च्या सुमारास ल्युपसचं निदान झालं. त्या काळी या आजारावर परिणामकारक औषध नव्हतं. डॉक्टरांच्या हातात आराम आणि वेदना कमी करणं एवढंच होतं. १ फेब्रुवारी १९४१ रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय ४५. फ्लॅनरी तेव्हा १५ वर्षांच्या होत्या आणि आईसोबत मिलेजव्हिल या छोट्या गावात राहत होत्या. ल्युपस म्हणजे काय, हे त्या घरानं अशा रीतीनं जवळून पाहिलं.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बापाला झाला म्हणजे लेकीला होणारच, असा हा आजार नाही. जनुकांमुळे शक्यता वाढते, एवढंच. अगदी एकसारख्या जुळ्यांमध्येही बहुतेक वेळा एकालाच ल्युपस होतो, दुसऱ्याला होत नाही. जनुकांच्या जोडीला ऊन, एखादा संसर्ग, संप्रेरकांमधले बदल अशी ठिणगी पडावी लागते. दुसरं म्हणजे, हा संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्यानं, कपडे वापरल्यानं, स्पर्शानं तो पसरत नाही.

ल्युपस म्हणजे नेमकं काय?

ल्युपस हा लॅटिन शब्द आहे, अर्थ लांडगा. चेहऱ्यावरच्या जखमा लांडग्यानं चावा घेतल्यासारख्या दिसतात, म्हणून युरोपातल्या जुन्या वैद्यांनी हे नाव दिलं. आज ज्याला ल्युपस म्हणतात त्याचं पूर्ण नाव सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, म्हणजे एसएलई. तो फक्त कातडीचा आजार नाही. सांधे, रक्त, किडनी, फुप्फुसं, हृदय, मेंदू यांपैकी कशालाही तो गाठू शकतो.

हा ऑटोइम्यून आजार आहे. आपल्या शरीरातली रोगप्रतिकारशक्ती बाहेरून आलेल्या जंतूंवर हल्ला करते. त्यासाठी ती अँटिबॉडी नावाची प्रथिनं तयार करते. ल्युपसमध्ये ओळख पटवण्यातच गडबड होते आणि आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ लागतात. घराचा राखणदारच घरच्यांना चोर समजून झोडपायला लागावा, तसं. पेशीतला माल आणि अँटिबॉडी एकमेकांना चिकटून त्यांच्या गाठोड्या होतात. त्या रक्तातून फिरतात आणि जिथे बारीक जाळी असते तिथे अडकतात. शरीरातली सर्वांत बारीक गाळणी किडनीत असते. म्हणून किडनीला धोका मोठा.

उन्हाचा संबंधही इथेच कळतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीच्या पेशी मरतात आणि त्यांच्या आतला माल बाहेर पडतो. निरोगी माणसात त्याची सफाई होऊन जाते. ल्युपसच्या रुग्णात अँटिबॉडींना आयतं लक्ष्य मिळतं आणि आजार उसळतो.

ल्युपसच्या दहा रुग्णांपैकी साधारण नऊ बायका असतात आणि आजार बहुतेकदा १५ ते ४५ या वयात सुरू होतो. म्हणजे शिक्षण, लग्न, बाळंतपण आणि संसाराच्या ऐन काळात. पुरुषांना कमी होतो, पण होतो. एडवर्ड ओ'कॉनर त्यांपैकीच एक.

आधी संधिवात, मग ल्युपस

फ्लॅनरी १९४५ मध्ये पदवीधर झाल्या आणि आयोवा विद्यापीठात लेखन शिकायला गेल्या. १९४९-५० मध्ये त्या कनेक्टिकट राज्यात फिट्झजेराल्ड या मित्र कुटुंबाकडे राहून पहिली कादंबरी लिहीत होत्या. गावापासून दूर, लेखकांच्या जगात त्यांचा जम बसत होता.

डिसेंबर १९५० मध्ये टाइप करताना हात जड पडू लागले. स्थानिक डॉक्टरांना सांध्यांचा आजार, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस वाटला. ही शंका चुकीची म्हणता येणार नाही. ल्युपसची सुरुवात अनेकदा अशाच सांधेदुखीनं होते. ख्रिसमससाठी त्या रेल्वेनं घरी निघाल्या आणि प्रवासातच गंभीर आजारी पडल्या. घरी पोचल्यावर थेट दवाखान्यात दाखल करावं लागलं. ताप उतरत नव्हता. अटलांटाचे डॉक्टर आर्थर मेरिल यांना ल्युपसची शंका आली. फ्लॅनरींना तिथल्या एमोरी विद्यापीठ रुग्णालयात हलवण्यात आलं. १९५१ च्या सुरुवातीला निदान पक्कं झालं.

त्या काळाच्या मानानं हे निदान लवकर झालं. ल्युपस ओळखण्याची पहिली प्रयोगशाळेतली खूण, एलई सेल, मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९४८ मध्येच नोंदवली होती. आज रक्तातली एएनए ही तपासणी आधी होते. मात्र एएनए पॉझिटिव्ह आली म्हणजे ल्युपसच, असं नाही. अनेक निरोगी लोकांतही ती पॉझिटिव्ह येते. लक्षणं, लघवीची तपासणी, रक्तातल्या पेशींची संख्या आणि अँटी-डीएसडीएनएसारख्या पुढच्या तपासण्या जुळवूनच डॉक्टर निष्कर्ष काढतात.

नाव का लपवलं?

निदान आई रेजिना यांना सांगण्यात आलं. त्यांनी ते मुलीला सांगायचं नाही असं ठरवलं. कारण उघड होतं. याच आजारानं नवरा गेलेला दहाच वर्षं झाली होती. मुलगी २५ वर्षांची. नाव ऐकूनच ती खचेल, ही भीती. म्हणून फ्लॅनरींना संधिवात झाल्याचंच सांगितलं गेलं. त्यांच्यावर उपचार ल्युपसचे चालू होते आणि त्या स्वतःला संधिवाताच्या रुग्ण समजत होत्या.

मे १९५२ मध्ये त्यांची पहिली कादंबरी 'वाइज ब्लड' प्रसिद्ध झाली. तेव्हाही लेखिकेला स्वतःच्या आजाराचं नाव ठाऊक नव्हतं. त्याच उन्हाळ्यात त्या फिट्झजेराल्ड कुटुंबाकडे पाहुण्या म्हणून गेल्या. तिथे मैत्रीण सॅली फिट्झजेराल्ड यांना राहवलं नाही. गाडीतून घरी परतताना त्यांनी खरं सांगून टाकलं. बातमी वाईट होती, पण फ्लॅनरींनी सांगणाऱ्या मैत्रिणीचे आभार मानले.

त्यानंतर त्यांनी जे केलं, त्यातून नाव कळण्याचं महत्त्व समजतं. बरं झाल्यावर पुन्हा उत्तरेकडे राहायला जायचं, हा बेत त्यांनी सोडला. तिथे ठेवलेलं सामान घरी मागवून घेतलं. गावीच राहायचं, तिथेच लिहायचं, असं ठरवलं आणि त्याच वर्षी मोरांची पहिली जोडी विकत आणली. माहिती मिळताच त्यांनी पुढच्या आयुष्याचा आराखडा बदलला. ती नसती, तर दरवर्षी बरं होण्याची वाट पाहण्यात वेळ गेला असता.

आपल्याकडे हा प्रश्न जुना झालेला नाही. लग्नाच्या वयातल्या मुलीचा आजार झाकून ठेवण्याकडे घरच्यांचा कल असतो. कधी खुद्द मुलीपासून, कधी सासरच्यांपासून. आईच्या मायेत खोट नसते. पण ल्युपसमध्ये याची किंमत मोठी आहे. सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद झाल्या, तर आजार उसळतो. काही गोळ्या गरोदरपणात बाळाला घातक असतात, त्या आधीच बदलाव्या लागतात. किमान सहा महिने आजार शांत असताना, डॉक्टरांच्या सल्ल्यानं दिवस राहिले, तर ल्युपसच्या बहुतेक रुग्णांना चांगलं बाळंतपण होऊ शकतं. नाव लपवून मात्र असं नियोजन करता येत नाही.

औषधानं वाचवलं, त्याची किंमतही घेतली

वडील आणि मुलगी यांच्या आजारात दहा-बारा वर्षांचं अंतर होतं. या काळात एक मोठी गोष्ट घडली. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णावर कॉर्टिसोन वापरलं. १९५० मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना नोबेल मिळालं. स्टेरॉइड औषधांचं युग सुरू झालं होतं.

फ्लॅनरींना एसीटीएच हे इंजेक्शन दिलं जाऊ लागलं. हे संप्रेरक तेव्हा डुकरांच्या पिट्युटरी ग्रंथींपासून काढत. ते आपल्याच शरीरातल्या अॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसोल तयार करायला लावतं आणि भडकलेली प्रतिकारशक्ती थंडावते. फ्लॅनरी स्वतःला इंजेक्शन टोचायला शिकल्या. मीठ बंद झालं. तापानं केस गेले, औषधानं चेहरा सुजला. पण जीव वाचला. वडिलांना जे मिळालं नाही, ते मुलीला मिळालं.

पुढे कमरेचा सांधा दुखू लागला. आधी काठी, मग १९५५ पासून दोन कुबड्या. मांडीच्या हाडाचा गोळा रक्तपुरवठ्याअभावी झिजत होता. असं ल्युपसमुळेही होतं आणि जास्त मात्रेतल्या स्टेरॉइडमुळेही. त्या काळी कमी मात्रेचं गणित बसलेलं नव्हतं.

म्हणून आज डॉक्टर स्टेरॉइडची मात्रा होईल तितकी कमी ठेवतात. पण रुग्णानं ते स्वतःहून एकदम बंद करणंही धोक्याचं. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना अॅड्रिनल ग्रंथी सुस्त झालेल्या असतात. औषध अचानक थांबलं, तर रक्तदाब कोसळू शकतो. सांधेदुखीवर कुठून तरी मिळणारी पुड्यांची औषधं आणि इंजेक्शनं यांत स्टेरॉइड असेल, तर चार दिवस बरं वाटतं आणि मूळ आजार झाकला जातो. आत किडनीचं नुकसान चालूच राहतं.

मोर, डेअरी आणि सकाळचे तीन तास

मिलेजव्हिलपासून चार मैलांवर आईची 'अँडालुसिया' नावाची शेती होती. ५४४ एकर, गायीम्हशींच्या गोठ्यासारखाच मोठा दुधाचा पसारा. कारभार सगळा आईकडे. जिने चढवत नाहीत म्हणून फ्लॅनरींची खोली तळमजल्यावर. अंगणात मोर, पुढे त्यांची संख्या चाळीसच्या घरात गेली.

थकवा हा ल्युपसचा न दिसणारा त्रास. झोप झाली तरी जात नाही, इतरांना आळस वाटतो. फ्लॅनरींनी अंगातली ताकद मोजून खर्च केली. रोज सकाळी सुमारे तीन तास लेखन, त्या वेळेत दुसरं काही नाही. दुपारी आराम, पत्रं, पाहुणे, पक्षी. अशा दिनक्रमातून १९५५ मध्ये पहिला कथासंग्रह आणि १९६० मध्ये दुसरी कादंबरी आली. कुबड्या घेऊन त्या विद्यापीठांत व्याख्यानं द्यायला जात राहिल्या. १९५८ मध्ये आईसोबत फ्रान्समधल्या लुर्द या तीर्थक्षेत्रीही जाऊन आल्या.

१९६४ मध्ये काय झालं?

आजार काही वर्षं आटोक्यात होता. मग गर्भाशयात गाठ निघाली आणि रक्त कमी होत गेलं. फेब्रुवारी १९६४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, पण शस्त्रक्रियेच्या ताणानंतर ल्युपस पुन्हा उसळला आणि किडनीपर्यंत पोचला. दवाखान्यात काम करायला मनाई होती. फ्लॅनरी वही उशीखाली लपवून शेवटच्या कथा पुऱ्या करत होत्या.

किडनी निकामी होऊन ३ ऑगस्ट १९६४ रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय ३९. दीर्घकाळ डायलिसिस देण्याची सोय तेव्हा अमेरिकेतही मोजक्याच ठिकाणी आणि मोजक्याच रुग्णांसाठी होती. मिलेजव्हिलच्या स्मशानभूमीत वडिलांशेजारी त्यांचं दफन झालं. उशीखालच्या वहीतल्या कथा पुढच्या वर्षी पुस्तकात आल्या. १९७२ मध्ये त्यांच्या समग्र कथांना अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. आई रेजिना १९९५ पर्यंत जगल्या, ९९ वर्षांच्या होऊन.

आज काय बदललं?

१९५५ मध्ये बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी आपल्या ल्युपस रुग्णांचा हिशेब मांडला होता. निदानानंतर चार वर्षांनी निम्मेच जिवंत होते. आज चांगले उपचार मिळणाऱ्या रुग्णांपैकी साधारण ९० टक्के दहा वर्षांनंतरही जगतात.

या बदलाचा एक धागा मेळघाटाच्या ओळखीचा आहे. ल्युपसचं पायाभूत औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाच्या क्लोरोक्विनचं भावंडं. लंडनमध्ये १८९४ मध्येच एका डॉक्टरनं ल्युपसवर क्विनाइन वापरून पाहिलं होतं. १९५१ मध्ये मेपाक्रिन या मलेरियाच्या गोळीनं ल्युपसचे चट्टे कमी होतात हे दिसलं आणि १९५५ मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बाजारात आलं. आजार उसळण्याचं प्रमाण ते कमी करतं, किडनीला जपतं आणि गरोदरपणातही चालू ठेवता येतं. दीर्घकाळ घेताना डोळ्यांचा पडदा ठरावीक काळानं तपासून घ्यावा लागतो. २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीनं लोकांनी याच गोळीवर झडप घातली, तेव्हा ल्युपसच्या रुग्णांना ती मिळेनाशी झाली होती.

किडनीला त्रास झालाच, तर मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फामाइड यांसारखी औषधं आहेत. आजार मुळापासून जात नाही. पण मधुमेहासारखा तो आटोक्यात ठेवता येतो. अट एकच, औषध आणि तपासणी सुटता कामा नये.

धारणीत काय करता येईल?

तज्ज्ञ दूर आहेत, हे खरं. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, हरिसाल, सेमाडोह आणि घाट ओलांडून. पण पहिली पावलं गावातच टाकता येतात. पुढच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकत्र आणि सहा आठवड्यांहून जास्त काळ असतील, तर डॉक्टरांना ल्युपसबद्दल स्पष्ट विचारा :

- सकाळी हाताचे सांधे आखडणं आणि सुजणं
- गाल आणि नाकावर फुलपाखराच्या आकाराचे लाल चट्टे, उन्हात वाढणारे
- कारण न सापडणारा ताप, तोंडात न दुखणारे व्रण, केस गळणं
- पायावर, डोळ्यांभोवती सूज, फेसाळ लघवी
- वारंवार गर्भपात किंवा औषध घेऊनही न वाढणारं रक्त

निदान झालेलं असेल, तर उन्हात काम करताना पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्यावरून पदर किंवा दुपट्टा, आणि दुपारी अकरा ते चारमधली शेतातली कामं शक्यतो टाळणं, हा औषधाचाच भाग समजा.

रक्तदाब मोजणं, हिमोग्लोबिन आणि पेशींची तपासणी, लघवीतली प्रथिनं पाहणं, या तपासण्या साध्या आहेत. धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात त्यांची चौकशी करा. पुढच्या तपासण्यांसाठी अमरावतीचं इर्विन, अकोला किंवा नागपूरचं शासकीय मेडिकल कॉलेज, सेवाग्राम इथल्या मेडिसिन विभागात जाता येईल. जाताना आधीचे सगळे कागद आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आशाताईंना सांगितलं, तर पाठपुरावा सोपा होतो. कुणी भूमकाकडे जाऊन आलं असेल, तरी लघवीची तपासणी चुकवू नये.

ल्युपसमध्ये किडनी बिघडायला लागते तेव्हा दुखत काहीच नाही. सूज दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असू शकतं. लघवीतली प्रथिनं मात्र त्याआधीच वाढतात. त्यामुळे ल्युपसचं निदान झालेल्या प्रत्येकानं, अगदी ठणठणीत वाटत असलं तरी, डॉक्टर सांगतील तितक्या महिन्यांनी लघवी तपासून घ्यावी आणि तो रिपोर्ट स्वतः वाचून, समजून घ्यावा.

(या लेखाचा उद्देश माहिती देणं हा आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करावं.)